लिंबू, लाल पातळ आणि मुंशीजींचा कपडे धुण्याचा सोडा

त्या दिवशी मांडवात लिंबू फुटले आणि लग्न थांबले.

ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेले नाही. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, आणि आता त्यांतले बरेचसे एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणती कुऱ्हाड कोणाची, हे मला आता शपथेवर सांगता येणार नाही. हे एक प्रकरण तेवढे वेगळे राहिले. ते सुटले ते आमच्या ठाण्याच्या मुंशीजींमुळे. मुंशीजी म्हणजे ठाण्यातली लिखापढी आणि जप्त मालाचा मालखाना सांभाळणारे हवालदार. गेल्या पौषात ते वारले. तेराव्याला त्यांच्या मुलाने मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी उभा राहिलो आणि तसाच खाली बसलो. तेव्हा बोलता आले नाही ते आता लिहून पाहतो आहे. सावकाश लिहितो आहे. ते असते तर मजकूर नंतर वाचला असता, आधी समास नीट सोडला आहे की नाही ते पाहिले असते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरच्या उत्तरेला, राज्याच्या सीमेपलीकडच्या सौंसर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी म्हणून नुकताच आलो होतो. पहिली ओळख झाली ती मुंशीजींच्या स्वच्छतेशी. सकाळी हजेरीच्या आधी ते टेबल पुसत, खुर्च्या पुसत, आणि भिंतीवरच्या फरारींच्या फोटोंवरूनही फडके फिरवत. कोठडीतल्या माणसाला ते आधी आंघोळ घालत, मग नाव विचारत. एका सराईत पाकीटमाराने मला सांगितले होते, "सायेब, मार चालते, पन या मुंशीजीचा साबन नाही चालत."

वैशाखातली दुपार होती. मोहगावच्या बाजूच्या एका गावाचा कोटवार, म्हणजे गावचा चौकीदार, सायकलवरून आला आणि ठाण्याच्या पायरीवर बसूनच सांगू लागला.

"सायेब, लगनात करणी झाली जी."

"कोणावर?"

"पातळावर."

मुंशीजींनी रोजनामच्याच्या वहीतून मान वर न काढता विचारले, "पातळाचं वय काय लिहू?"

कोटवाराने पाणी पिऊन सांगितले ते असे. नवरीच्या दारी लग्न लागत होते. नवरदेव पांढुर्ण्याकडच्या गावचा. आमच्या भागातल्या रीतीप्रमाणे त्याच्या हातात कट्यार होती आणि कट्यारीच्या टोकाला लिंबू खोचलेले होते. माळा घालायची वेळ आली.

"नवरदेवाले त्याच्या दोस्तांनी वर उचललं. नवरीचा हात पुरेना. मंग नवरीच्या मामानं नवरीले उचललं. मंग मामाची कंबर गेली जी. सारे एकावर एक पडले. लिंबू फुटलं ते नवरीच्या खांद्यावर. लाल पातळ होतं, तिथंच्या तिथं निळं पडलं. शाईवानी निळं."

"आणि लिंबू कोणाचं?"

"तेच तं! नवरदेवाची आत्या आहे, रांडमुंड बाई. तिच्या अंगनातल्या झाडाचं लिंबू. तिनंच आपल्या हातानं खोचलं. आता नवरीचा बाप म्हनते, या बाईनं करणी केली. बाईले खोलीत बसवलं आहे अन् दाराशी काठ्या घेऊन लोक उभे आहेत."

"लोकांची जेवणं झाली का?" मुंशीजींनी विचारले. मला तो प्रश्न अवांतर वाटला. नंतर कळले की जमावाबद्दल पहिला विचारायचा प्रश्न तोच असतो.

"अर्ध्या वरातीची झाली जी. जेवले ते झोपले. राहिले ते भांडून राहिले."

मी रोजनामच्यात रवानगी टाकली, दोन शिपाई घेतले. ठाण्याची जीप नेहमी उतारावर उभी असे, कारण ढकलल्याखेरीज ती सुरू होत नसे. मुंशीजीही ढकलायला आले आणि चालू झाली तशी आत चढून बसले.

वाटेत शिपाई हसत होते. मी हसलो नाही. करणीचे नाव एकदा बाईला चिकटले की पुढे काय होते, हे मी आधीच्या ठाण्यावर पाहिले होते. तिथे आम्ही उशिरा पोचलो होतो.

गावात पोचलो तेव्हा मांडवात नवरीचा बाप उभा होता. डोक्याला लाल फेटा, हातात काठी, घसा बसलेला. त्याची अट सरळ होती. ही आत्या त्या घरात राहणार असेल तर तो मुलगी पाठवणार नाही. तिने आजच ते घर सोडावे, मग पुढचे विधी.

नवरदेव माळेसकट मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता. तो एवढेच म्हणाला, "माय गेली तव्हा मी रांगत होतो. आत्यानं मले वाढवलं. ती कुठं जाईन? मी बिनलग्नाचा राहतो."

म्हणजे आत्याचे घर जाणार, नाहीतर या मुलाचे लग्न. तिसरी वाट कोणाला दिसत नव्हती. नवरी मात्र डागाचे पातळ नेसून कोपऱ्यात बसली होती आणि मधूनमधून बारीक आवाजात म्हणत होती, "दुसरं पातळ नेसते नं मी. काय एवढं त्याचं?" तिच्याकडे कोणी लक्ष देत नव्हते. मी तिचेही बयान घेतले. साऱ्या प्रकरणात तेवढेच एक बयान शहाणपणाचे होते, हे फाइल बंद करताना माझ्या लक्षात आले.

आत्याबाई खोलीत सरकीच्या पोत्यावर बसल्या होत्या. वाळकी, उंच बाई. मला पाहताच सुरू झाल्या.

"आले का? या. लिंबावर गुन्हा लावा आधी, मंग माह्यावर. फुटलं ते लिंबू, मी नाही फुटली."

आवाज खणखणीत होता. पण पायांच्या बोटांत बोटे घट्ट अडकवून बसल्या होत्या. मी त्यांना म्हटले, "आत्याबाई, तुम्हाला पकडायला आलो नाही. ठाण्यात चला, इथे राहू नका."

"जेवाले भेटन का तिथं? इथं तं माह्या पोट्ट्याच्या लगनात मीच उपाशी आहो."

संशयाचे मूळ चौकशीत निघाले. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, नवरीच्या बापाने ते लाल पातळ सगळ्यांना हौसेने दाखवले होते. तेव्हा आत्याबाईंनी पदर बोटांत चोळून पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "रंग लय भडक आहे बाप्पा. टिकन असं वाटत नाही." तो अपमान बापाने जपून ठेवला होता. आता रंग टिकला नव्हता, म्हणजे बाईचा बोल बाधला, असा त्याचा हिशेब. माणूस पुराव्यावरून वैऱ्यापर्यंत क्वचितच जातो. वैरी आधी ठरलेला असतो, पुरावा मागून येतो.

दोन्ही बाजूंच्या चार-चार जणांवर कलम एकशे सातची, म्हणजे शांतता राखण्याची, कारवाई केली. नवरीच्या बापाने तक्रारीसोबत डागाचे पातळ जमा केले. आत्याबाईंनी स्वतःहून आपली लिंबांची पिशवी टेबलावर ओतली. वरातीच्या सरबतासाठी आणली होती. मुंशीजींनी जप्ती पंचनामा लिहिला: लिंबे, रंग पिवळा, एक हिरवे, वास लिंबाचा.

"परत देसान तव्हा तेवढीच द्या," आत्याबाई म्हणाल्या. "हिरवंही."

मांडव उतरवू नका, मी लवकर निकाल देतो, असे दोन्ही बाजूंच्या लोकांना सांगून आलो. निकाल कसा देणार याची मला काहीच कल्पना नव्हती. वरातीची सोय शाळेत झाली. आत्याबाईंना मुंशीजींनी आपल्या क्वार्टरवर ठेवले. तिथे त्यांनी मुंशीजींच्या बायकोला लोणचे घालायचे शिकवले, आणि मुंशीजींनी त्यांना दारात पाय धुतल्याशिवाय आत येऊ दिले नाही. दोघांचे पहिल्या दिवसापासून पटले नाही आणि शेवटपर्यंत जमले.

मग खबरी येऊ लागले. बसस्टँडवरचा एक म्हणाला, बाईच्या लिंबाच्या झाडाला काटेच नाहीत. दुसरा म्हणाला, झाडाखाली ती अमावास्येला दूध ओतते. मी त्याला विचारले, अमावास्येला तू तिथे काय करत होतास? तो उठून गेला. तिसऱ्याला जामसावळीच्या मारुतीने स्वप्नात येऊन बाईचे नाव सांगितले होते. मुंशीजींनी त्याला विचारले, "मारुतीचं बयान पंचांसमोर होईन का?" नव्या अधिकाऱ्याला सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. खबऱ्याला चहा पाजून प्रश्न विचारला की तो तुमच्या प्रश्नातलेच उत्तर परत देतो. चहा पाजून गप्प बसावे.

आम्ही झाडही पाहून आलो. काटे होते. पंचनाम्याच्या वेळी ते शिपायाच्या हाताला लागले, त्यामुळे त्याबद्दल वाद राहिला नाही.

शेवटी पातळ राज्याच्या प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवायचे ठरवले. त्यासाठी पंचांसमोर मुद्देमालाचे सील उघडायचे होते. पंच म्हणून एक शाळामास्तर आणि समोरचा पानठेलेवाला आले. लाखेचे सील फोडले, कापड उलगडले.

पातळ लाल होते. सगळे लाल. निळा ठिपका औषधालाही नव्हता.

पानठेलेवाला चपला तिथेच टाकून पळाला. मास्तरांनी हात जोडले आणि मग मी पाहतो आहे हे ध्यानात येऊन ते हात टेबलावर ठेवले. बंद सीलमधून करणी उतरली, ही बातमी आता बाजारापर्यंत जाणार होती. मी मुंशीजींकडे पाहिले. मुंशीजी छताकडे पाहत होते. छताला जाळे नव्हते, त्यामुळे पाहण्यासारखे काही नव्हते.

"मुंशीजी."

"जी साहेब."

"सील तुम्हीच लावलं होतं?"

"मीच लावलं जी."

"आत काय होतं?"

"पातळ."

"आणि डाग?"

त्यांनी टेबलावर सांडलेले लाखेचे तुकडे एका कागदावर गोळा केले. मग म्हणाले, "डाग सीलाच्या आधीच काढला होता जी."

"काढला म्हणजे?"

"लेकीच्या लगनाचं पातळ आहे साहेब. तसंच मळकं कसं बांधून ठेवू? बादलीत धुन्याचा सोडा टाकला, एक खळबळ मारली. साफ निघालं." आणि थोड्या अभिमानाने त्यांनी जोडले, "लय घासावंही नाही लागलं."

तेव्हा मास्तरांनी मला ती जुनी गोष्ट सांगितली, जी ठाण्यात मला कोणीच सांगितली नव्हती. माझ्या आधीच्या अधिकाऱ्याच्या काळात हाणामारीतली एक कुऱ्हाड जप्त झाली होती. मुंशीजींनी ती घासूनपुसून, खोबरेल लावून कोर्टात हजर केली. मॅजिस्ट्रेटांनी विचारले, ही नवी दिसते. मुंशीजी म्हणाले, नवी नाही साहेब, जपली आहे. आरोपी सुटला.

मी मुंशीजींना जे बोललो ते इथे लिहीत नाही. ते खाली मान घालून ऐकत होते. तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला. आत्याबाई तिथे बसून डाळ निवडत होत्या आणि सारे ऐकत होत्या.

"म्हंजे करणी सोड्यानं धुतल्या जाते व्हय? हे तं लय सस्तं झालं बाप्पा! मांत्रिकाले कायले बलावते मंग लोकं?"

मी बोलायचा थांबलो.

हळदीच्या कपड्याला साबण लागला की डाग लाल होतो, हे प्रत्येक लग्नघरातल्या बायकांना ठाऊक असते. त्याला कोणी करणी म्हणत नाही. हळद पिवळ्याची लाल होत असेल तर दुसरा एखादा रंग लालचा निळा का होऊ नये? आणि सोड्याने जे गेले ते लिंबाने परत येईल काय?

"मुंशीजी, लिंबू आणा."

"साहेब, लिंबं मुद्देमालात आहेत. पंचनाम्याशिवाय काढता येत नाही."

"पातळ पंचनाम्यानं धुतलं होतं?"

ते बाजारात गेले आणि लिंबू विकत घेऊन आले. येताना पळालेल्या पंचाला त्याच्या चपला देऊन परत घेऊन आले. मी पातळाच्या काठावर लिंबू पिळले. लाल कापड आमच्या डोळ्यांसमोर निळे झाले. मुंशीजींनी सोड्याचे पाणी शिंपडले. लाल. लिंबू. निळे. सोडा. लाल. पानठेलेवाल्याने स्वतः करून पाहिले आणि मग दुसऱ्यांदा करायला लागला, तेव्हा त्याच्या हातून कापड काढून घ्यावे लागले. मुंशीजींनी चिंचेचे पाणी लावले, तेही निळे. ताक लावले, जांभळट. मग त्यांनी शंका नको म्हणून आपल्या खाकी बाहीवर लिंबू पिळले. काही झाले नाही. त्यांनी ती बाही लगेच धुतली.

"आत्याबाई, तुमचं लिंबू सुटलं," मी म्हटले.

"लिंबू सुटलं. अन् मी?"

प्रश्न बरोबर होता. ठाण्यात सुटून भागणार नव्हते. मांडवात सुटायचे होते.

पातळाचा माग सोपा निघाला. दुकानदाराने सांगितले, सूत इथल्याच मागांवरचे, रंग अमुक रंगाऱ्याचा. ओढ्याच्या काठाला त्याचे घर होते. ओढ्याची कड लाल, भिंत लाल, दाव्याला बांधलेली शेळी गुलाबी. रंगारी पन्नाशीचा, काटकुळा माणूस. कोपरापर्यंत दोन्ही हात लाल. पोलीस पाहताच त्याने ते वर केले.

"सायेब, मी कोनाचा खून नाही केला जी."

हातांकडे पाहून तसे वाटत नव्हते.

ठाण्यात त्याला पाणी दिले, बसवले. सुरुवातीला त्याला काहीच माहीत नव्हते. मी टेबलावर एक लिंबू ठेवले आणि गप्प बसलो. तो लिंबाकडे पाहत राहिला.

"बरं सांगतो," तो म्हणाला. "माहीत आहे जी मले. माहा बाप आलीच्या झाडाच्या मुळीचा लाल काढे. दिवसचे दिवस लागे. तो रंग पातळ फाटन पन उतरन नाही. आता कोन थांबते? नागपूरवरून डब्यातली पुडी येते. सकाळी बुडवलं, दुपारी वाळलं. पन आंबट नाही चालत त्याले. मी तं रंगाच्या दिवशी लोनचंही नाही खात."

"मग लोकांना सांगितलं का नाही?"

"कोन विचारते? याच्या आधीही झालं न असं. दोन-तीन घरची मानसं आली, पातळ धोतरात लपवून. मी सोड्यात बुडवून देल्लं. कोनी कोनाले बोललं नाही. आपल्या घरच्या लगनात असं झालं, हे कोन सांगते जी?"

म्हणजे इतर मांडवांतही लिंबे फुटली होती. तिथल्या लोकांनी लाजेने झाकले, म्हणून हा प्रकार जगात एकदाच घडल्यासारखा झाला, आणि एकदाच घडलेल्या गोष्टीला करणीच म्हणतात.

"मग हे का नाही आले तुझ्याकडे?"

"यायच्या आधी तुम्ही आले ना."

बोलताना तो घडोघडी उठून मागच्या बाजूला जात होता. पळून जाईल म्हणून मी शिपाई मागे पाठवला. शिपाई परत आला तो वेगळा चेहरा घेऊन. माझ्या कानाशी म्हणाला, "साहेब, याची लघवी लाल आहे."

रंगाऱ्याने ऐकले आणि हसला. "रंगाऱ्याची आहे, लालच राहीन! लय दिवस झाले जी. रंग अंगात मुरला. बायको म्हनते, तुम्हाले पिळलं तं एक लुगडं निघन."

शिपाई हसला. मी तपासात एक नियम पाळत आलो आहे. माणूस रडत सांगतो ते नंतर लिहावे, हसत सांगतो ते आधी लिहून घ्यावे. मी मुंशीजींकडे पाहिले. ते त्याच्या हातांकडे पाहत होते.

"हाताचा रंग कायनं जाते?" त्यांनी विचारले.

"हाताचा? चुन्या-सोड्यानं जाते जी, थोडाथोडा."

"अन् रंगवनं बंद ठेवता तव्हा? पावसाळ्यात?"

"हात पांढरे होते."

"अन् ते?"

रंगारी विचार करू लागला. लघवी पावसाळ्यातही लालच असते, हे त्याच्या प्रथमच ध्यानात आले असावे. त्याचे हसणे गेले. मुंशीजी म्हणाले, "उद्या गावचं काम झालं की दवाखान्यात चलायचं. मी येतो संगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मांडवात पोचलो. मी, मुंशीजी, सोड्याची बादली, रंगारी, दोन पंच आणि आत्याबाई. गाव जमले. रंगाऱ्याने सगळ्यांसमोर कबूल केले की पातळाला आंबट लागले की ते निळे पडते. हे तो दोन्ही लाल हात पाठीमागे धरून बोलला, कारण समोर त्याची अर्धी गिऱ्हाइके बसली होती आणि लग्नसराई अजून संपायची होती. मी लिंबू पिळून दाखवले. लोकांनी आ वासला.

नवरीचा बाप तरी हलला नाही. "पोलिसांनी शिकवून आनलं याले," तो म्हणाला. "लिंबूही त्याहीचंच. त्या बाईचा हात लागला असन लिंबाले."

तेव्हा आत्याबाई उठल्या. त्या सरळ त्याच्याच स्वयंपाकघरात गेल्या, त्याच्याच टोपलीतले लिंबू उचलले आणि नवरीच्या आईच्या हातात दिले. "तुम्ही कापा विहीणबाई. मी हात नाही लावत."

विहीणबाईंनी लिंबू कापले. कुठे पिळायचे ते कोणी सांगितले नव्हते. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, आणि मग त्या आपल्या नवऱ्याजवळ गेल्या आणि त्याच्या लाल फेट्यावर ते पिळले. फेटाही त्याच रंगाऱ्याने रंगवलेला होता.

निळा ओघळ फेट्यावरून कानापर्यंत आला.

"आता सांगा इवाई," आत्याबाई म्हणाल्या, "तुमच्यावर कोनं केली? तुमच्या बायकोनं?"

पहिल्यांदा हसल्या त्या विहीणबाई. बहुधा पुष्कळ वर्षांचे हसू होते, लवकर थांबेना. मग बायका हसल्या, मग वरात. एका म्हातारीने घरातून आपले लाल लुगडे आणले आणि "माह्यावर पिळा" म्हणून उभी राहिली. तिचे आलीच्या रंगाचे जुने लुगडे तसेच लाल राहिले आणि ती निराश होऊन परत गेली. पोरांनी एकमेकांच्या अंगावर लिंबे फोडायला सुरुवात केली. मुंशीजी बादली घेऊन "थांबा, थांबा, आधी सोडा लावून घ्या" करत माणसामागून माणूस धूत फिरत होते. मी त्यांना इतके सुखी नोकरीत कधी पाहिले नाही.

बापाने फेटा काढून हातात घेतला. त्याच्याकडे आणि आत्याबाईंकडे आळीपाळीने पाहिले. "चुकलं माझं," असे काही तो म्हणाला नाही. तो म्हणाला, "बाईनं जेवन केलं का कोनी विचारलं?" आमच्या भागात माफी अशीच मागतात.

तेवढ्यात कोपऱ्यातून नवरीचा आवाज आला, या वेळी मोठा. "आता मी कोनतं नेसू ते सांगा. अन् मलेही भूक लागली."

हळदीच्या पिवळ्या पातळात तिचे राहिलेले विधी झाले. बाप निळ्या डागांचा फेटा बांधूनच उभा राहिला. मुंशीजींनी तो धुऊन देऊ केला, पण तो म्हणाला, राहू द्या. निरोपाच्या वेळी नवरी आत्याबाईंच्या पाया पडली. आत्याबाईंनी तिला उठवले आणि सगळ्यांना ऐकू येईल असे म्हणाल्या, "चाल घरी."

गुन्ह्याचे म्हणाल तर कलम सापडले नाही. मी पुस्तक पुन्हा पुन्हा चाळले. पक्का म्हणून कच्चा रंग विकला, ही फसवणूक धरायची तर नवरीच्या बापाने तक्रार मागे घेतली. माणसाच्या अंगात शिरणारी पुडी डब्यात घालून विकणे, याला त्या पुस्तकात काहीच नाव नव्हते. मी वर लिहिले. हा विषय पोलीस खात्याच्या कक्षेतला नाही, असे उत्तर आले. पातळाचा तुकडा प्रयोगशाळेला पाठवला होता. त्याचा अहवाल माझी बदली झाल्यावर मागोमाग आला: सुती कापड, लाल, रक्ताचे अंश आढळले नाहीत.

रंगाऱ्याला मुंशीजी कबूल केल्याप्रमाणे त्याच दुपारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी हात पाहिले, लघवीची बाटली पाहिली आणि त्याच दिवशी नागपूरच्या बसमध्ये बसवायला सांगितले. मूत्राशयात गाठ होती. या जातीच्या रंगपुडीचे काम वर्षानुवर्षे करणाऱ्यांना हे होते, असे नागपूरच्या डॉक्टरांनी मुंशीजींना समजावले आणि मुंशीजींनी मला. ऑपरेशन झाले. तो परत आला, हात पांढरे होते. पुन्हा त्याने रंगाला हात लावला नाही. काही वर्षे संत्र्यांच्या मंडीत हमाली केली, मग गेला. त्याचे हौद दुसऱ्याने घेतले. पुडी तीच येत राहिली.

मला या प्रकरणाने काय शिकवले, असे कधी कोणी विचारले तर मी लिंबाचे सांगतो आणि लोक हसतात. हसावेच. पण आम्ही सगळे, सरकारी माणसांसकट, बाईने काय केले हे शोधत होतो आणि कापडाला कोणी विचारत नव्हते. नवरीच्या खांद्यावर पडलेला निळा डाग साऱ्या तालुक्याने पाहिला. रंगाऱ्याच्या अंगातला लाल त्याच्या बायकोने थट्टेवर नेला, त्याने स्वतः थट्टेवर नेला. मुंशीजी धुण्याच्या वेडापायी पुरावे बुडवत, हे खरे आहे. कोणता डाग धुतल्याने जाणार नाही, हेही त्यांनाच विचारायचे सुचले.

आत्याबाई त्याच घरात म्हाताऱ्या झाल्या आणि त्याच घरात गेल्या. शेवटच्या आजारात नवरीने त्यांचे सगळे केले. नवरी आता सासू आहे. तिला दोन सुना आहेत, घर तिच्या हातात आहे.